कोंडोर बघायला गेलो आणि सांकायो खाल्लं

पेरूला मराठी ग्रुप घेऊन जाणं हे माझं काम. त्यात कोल्का दरीचा टप्पा आला की मी जरा धास्तावलेलाच असतो. आरेकिपा शहराहून येताना रस्ता पाटापाम्पाच्या खिंडीत ४,९१० मीटरवर चढतो. कोणाचं डोकं ठणकतं, कोणाला मळमळतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंधारात उठवून सगळ्यांना कोंडोर, म्हणजे अँडीजमधलं अवाढव्य गिधाड, दाखवायला न्यायचं.

त्या सकाळी नेमके ढग. ऊन पडून दरीतली हवा तापून वर उठेपर्यंत कोंडोर काही हलत नाही. तीन मीटर पंखांचं ते धूड उगाच पंख मारत कशाला दमेल? पण पैसे मोजून आलेल्या लोकांना हे कोणी सांगायचं?

कंटाळून काही जण उतारावरच्या निवडुंगाकडे वळले. माणसापेक्षा उंच झुडूप, बुंध्यापासूनच फुटलेले हिरवे खांब आणि तळहाताएवढं एक पिवळंधमक फूल. फोटोसाठी एक काका इतके जवळ गेले की स्वेटरच अडकला. सोडवताना मी काटा बघितला, चांगला वीतभर! गाइड म्हणाला, याचा काटा २४ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. शास्त्रीय नाव कोरिओकॅक्टस ब्रेव्हिस्टायलस; इथल्या रेल्वेच्या कोरी नावाच्या इंजिनिअरवरून १९२० मध्ये या वंशाला ते नाव दिलं. काका मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले. मग काय, फाटलेल्या स्वेटरचं दुःख संपलं!

रस्त्याकडेला एक बाई त्याचीच फळं विकत होती. गावात त्याला सांकायो म्हणतात. तिने काटे झटकून सुरीने साल काढली. आत पारदर्शक, हिरवट, बुळबुळीत गर आणि बारीक काळ्या बिया. आंबट म्हणजे किती, तर माझा एक डोळा आपोआप मिटला.

आमच्यातल्या साताऱ्याच्या आजींनी मात्र पर्समधून तिखट-मिठाची डबी काढली. फोडीवर भुरभुरवून खाल्ली. "अंबाडीच्या वरताण आहे हो!" मग एक फोड त्या बाईलाही दिली. तिने ती चाखली आणि काही न बोलता तळहात पुढे केला. डबी निम्मी तिथेच रिकामी झाली.

"बिया नेल्या तर उगवतील का रे?" आजींनी विचारलं.

"विमानतळावर काढून घेतील, आजी. इथेच खाऊन टाका."

एवढ्यात पलीकडे आरडाओरडा झाला. कोंडोर आला होता म्हणे. आमच्यातल्या निम्म्यांनी तो पाहिला. बाकीचे दुसरं फळ कापून घेत होते.