कापता न येणारा शॉट

ठाणे, रविवार

सकाळपासून पाऊस कोसळतोय, घोडबंदर रोड नेहमीसारखा तुंबलेला. मी शिकवतो त्या कार्टूनच्या वर्गाचे स्टोरीबोर्ड, म्हणजे गोष्टीचे चित्रांतले आराखडे, तपासायला त्यामुळे निवांत वेळ मिळाला. 11 मिनिटांचं कार्टून आणि त्यात एक समलिंगी जोडपं असावं, एवढीच अट होती. बहुतेक बोर्डांत गोष्ट हरवलेल्या कुत्र्याची किंवा पतंगाची आहे, आणि अगदी शेवटच्या पानावर दोघं हात धरतात. हेतू चांगला, बांधणी कच्ची. तीन सेकंदांचा तो शॉट म्हणजे 72 फ्रेम. दर दोन फ्रेमना एक चित्र धरलं तर 36 चित्रं. समलिंगी जोडपं नको म्हणून चॅनेलनं ती उडवायला सांगितली, तर एडिटरला चहा निवण्याइतकाही वेळ लागायचा नाही, आणि उडवल्यावर गोष्टीचं काहीच बिघडत नाही. दुखणं तिथेच आहे.

संवादाच्या भरवशावर राहणं तर त्याहून धोक्याचं. कार्टूनमधल्या तोंडाचे आकार जेमतेम आठ-दहा असतात, त्यावर कुठलंही वाक्य बसतं. ‘सेलर मून’मध्ये हारुका आणि मिचिरू या दोघी जोडपं आहेत, 2000 सालच्या इंग्रजी डबिंगनं त्यांना चुलत बहिणी करून टाकलं. चित्र मात्र तेच राहिलं. त्यामुळे दोन बहिणी एकमेकींकडे प्रेमानं टक लावून बघतायत, असा भलताच प्रकार पडद्यावर आला. त्याच मालिकेतला झॉइसाइट हा पुरुष 1995च्या डबिंगमध्ये बाई झाला, म्हणजे त्याचं कुन्झाइटवरचं प्रेम आपोआप ‘सरळ’. पुढच्या काळातल्या नव्या इंग्रजी डबिंगनं हे सगळं मूळपदावर आणलं. पिक्सारच्या ‘ऑनवर्ड’मध्ये (2020) एक डोळ्याची पोलीस अधिकारी आपल्या प्रेयसीच्या मुलीबद्दल एका वाक्यात कुरकुर करते. सगळं समलिंगीपण त्या एका वाक्यात. रशियन डबिंगमध्ये प्रेयसीच्या जागी बाई की पुरुष ते न कळणारा ‘जोडीदार’ आला, आणि विषय संपला. गंमत अशी की इतक्या निसटत्या वाक्यासाठीसुद्धा आखाती देशांपैकी काहींनी अख्खा चित्रपटच अडवला. थोडंच दाखवलं तर चालून जाईल, हा हिशेब म्हणूनच फसवा.

उलट बाजूला रिबेका शुगरची ‘स्टीव्हन युनिव्हर्स’. त्यातली गार्नेट हे मुख्य पात्र म्हणजेच रुबी आणि सफायर या दोन प्रेमिका एकरूप होऊन बनलेली. दोघी भांडल्या की गार्नेट सुटी होते, लढाईला कुणी उरत नाही. त्यांचं नातं कापायचं तर नायिकाच कापावी लागेल. जुलै 2018च्या लग्नाच्या भागात झगा रुबीच्या अंगावर आणि सूट सफायरच्या अंगावर आहे, हेही विचारपूर्वक केलेलं. काही देशांच्या डबिंगमध्ये रुबीला पुरुषाचा आवाज दिला जात होता. झगा घातलेल्या रुबीला तो आवाज चिकटवणं अवघड जातं. पण याच मालिकेत रोझ आणि पर्ल यांच्या नाचातला जवळिकीचा तुकडा 2016 साली ब्रिटनच्या प्रसारणात कापला गेला. तो तुकडा गेला तरी नाचाचा परिणाम, म्हणजे त्या दोघींचं एकरूप होणं, पडद्यावर राहत होता. त्यामुळे कात्री फिरली.

मुलांना उद्या दाखवायचा नमुना ‘द आउल हाउस’चा. ऑगस्ट 2020चा तो भाग, ग्रोम नावाच्या राक्षसाचा. समोरच्याची सगळ्यात मोठी भीती तो राक्षस रूप घेऊन दाखवतो. अ‍ॅमिटी या मुलीची भीती काय, तर आपल्याला कुणीतरी नकार देईल. तिच्या फाडलेल्या आमंत्रणाच्या चिठ्ठीत नाव लूझ या मुलीचं असतं, आणि राक्षसाला हरवतात त्या दोघी एकत्र नाचून. आता यातून प्रेम वजा करा: भीती जाते, राक्षस जातो, शेवट जातो. 20-22 मिनिटांपैकी हाती फार तर सजावटीचे पडदे उरतील.

हीच चाचणी प्रत्येक बोर्डावर करायची. अ‍ॅनिमॅटिकमध्ये, म्हणजे बोर्डाची चित्रं आवाजासह ओळीनं चालवलेल्या कच्च्या व्हिडिओत, जोडप्याचे पॅनल सरसकट बंद करायचे, आवाज तसाच ठेवून चालवायचं. तरीही गोष्ट समजत असेल तर बोर्ड परत. दुसरं, हावभाव आणि त्यावरची प्रतिक्रिया एकाच टू-शॉटमध्ये, म्हणजे दोघं एकत्र दिसणाऱ्या चौकटीत, बसवायची. हाताचा वेगळा क्लोजअप आयताच सुटा निघतो. पण तेच हात धरणं कॅमेरा सरकत असताना, मधल्या संवादावर आलं, तर कापल्यावर चित्राला झटका बसतो आणि संगीत तुटतं. तिसरं, महत्त्वाचं वाक्य पाठमोऱ्या पात्राला द्यायचं नाही. ते बदलायला सगळ्यात सोपं.

कोण कुठल्या टप्प्यावर काय वाचतं, हेही कळायला हवं. ‘अ‍ॅडव्हेंचर टाइम’सारख्या मालिकांत आधी पूर्ण संहिता नसते, दोन-तीन पानी रूपरेषा बोर्ड-चित्रकारांकडे जाते, संवादही तेच लिहितात. सप्टेंबर 2018च्या शेवटच्या भागात बबलगम आणि मार्सेलिनचं चुंबन आहे. रूपरेषेत दोघींचा एक क्षण असावा इतकंच होतं. चुंबन आलं हॅना के. नीस्ट्रॉमच्या बोर्डातून. आमच्या मुलांना वाटतं, धाडस लेखकानं करायचं. पेन्सिल कुणाच्या हातात आहे ते बघा.

आता विनोदाचं दुखणं. पाच बोर्डांत मनगट लचकवणारा काका आहे. हा आपल्याकडचाच वारसा, गवळणीतली मावशी. रंगमंचावर मावशी हजरजबाबी असते, कृष्णालाही सुनावते. या बोर्डांतल्या काकाला एकही चांगलं वाक्य नाही, नुसतं मनगट. हॉलिवूडकडे दुसरीच सवय. 1934 पासून कडक झालेल्या निर्बंधांमुळे उघड समलिंगी पात्र दाखवता येत नव्हतं, मग ती लकब खलनायकांना चिकटली, आणि 1968 मध्ये निर्बंध गेले तरी लकब गेली नाही. ‘द लिटल मर्मेड’ची (1989) अर्सुला तर डिव्हाइन या ड्रॅग कलाकारावरून, म्हणजे भडक बाईचा वेश घेणाऱ्या नटावरून, घडवलेली. ती झकास आहे, मान्य. पण जांभळा रंग, लांब बोटं आणि चढवलेली भुवई इतकंच उचलून तिची नक्कल होत नाही.

लग्नाचा प्रसंग टाळावा असं मला वाटतं. आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377चा जाच गेला, पण 17 ऑक्टोबर 2023च्या निकालानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. नौपाड्यातल्या गोष्टीत थेट मांडव घातला तर ती परीकथा होते. त्यापेक्षा घर दाखवा. दारावर दोन आडनावांची पाटी. गणपतीच्या आरतीचं तबक दोघांच्या हातात, आणि कापूर कुणी आणायचा होता यावरून बाचाबाची. ‘द लाउड हाउस’मधले हॉवर्ड आणि हॅरल्ड (2016) असेच जमलेत: मुलगा एक रात्र मित्राकडे राहणार म्हणून काळजीनं हैराण झालेले दोन बाबा. विनोद काळजीवर आहे, त्यांच्या जोडीवर नाही. मात्र पाटी नुसती बॅकग्राउंडला रंगवून ठेवू नका, कुरिअरवाल्याला त्या पाटीमुळेच घर सापडू दे. म्हणजे ती गोष्टीत आली.

राहिला आवाज. डबिंगला फाइल जाते तेव्हा संवादाचा ट्रॅक वेगळा आणि संगीत-ध्वनींचा वेगळा असतो. सहसा बदलला जातो तो संवादाचा. ‘लेजंड ऑफ कोरा’च्या शेवटी (19 डिसेंबर 2014) चॅनेलनं मर्यादा घातली होती, तेव्हा कोरा आणि असामी या दोघींना थोड्याच वेळापूर्वीच्या लग्नातल्या जोडप्यासारखं समोरासमोर, हातात हात देऊन उभं केलं, आणि संगीतकाराला सांगितलं की सूर हळुवार, प्रेमाचा हवा. तो सूर कुठल्याही भाषेत तसाच वाजतो. त्यामुळे दोघांसाठी एक आठ-दहा सेकंदांची धून पहिल्याच मिनिटात पेरायची, भांडणात ती अर्धवट तोडायची आणि समेट झाला की पूर्ण वाजवायची. ती संगीताच्या ट्रॅकवर टाकायची. पात्रानं गुणगुणली तर संवादाच्या ट्रॅकवर जाते आणि पहिल्याच डबिंगमध्ये गळते.