कंडक्टर

गुरुवार, रात्रीचे अकरा

आज दिवसभर हात ॲप्रनच्या खिशात कोंबून उभी होते.

कागलहून एसटीनं येणारी माझी एम.एस्सी.ची प्रोजेक्टवाली. तिची कॅडमियम सल्फाइडची फिल्म, म्हणजे काचेवर बसवायचा पातळ थर, चौथ्यांदा भुकटी होऊन काचेवरनं सुटली. ग्लोव्हजच्या बोटाला हळद लागावी तसं पिवळं. "मॅडम, मला काय हे जमंना झालंय."

अमोनियाची बाटली जुनी, बूच ढिलं, आतला अमोनिया उडून चाललेला. मला आल्या आल्या कळलं होतं. सांगितलं नाही. गेल्या वर्षीच्या पोराला सगळं मीच करून दिलं होतं. फिल्म आरशासारखी आली, आणि तोंडी परीक्षेत "अमोनिया कशाला घालता?" म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं. ते बघणं अजून आठवतं.

म्हणून आज एवढंच म्हणाले, वही काढ. चारही वेळच्या नोंदींत कडेला बारीक अक्षरात एकच: 'द्रावण थोडं दुधट.' अमोनिया घालताना आधी पांढरा साका येतो, आणखी घातला की तो विरघळून द्रावण नितळ व्हायला पाहिजे. हिचं कधी झालंच नव्हतं. मग मी स्टँडवरच्या गर्दीचं उदाहरण काढलं. गाडी लागली की सगळे एकदम दाराला भिडतात, धड कुणीच बसत नाही. अमोनिया कॅडमियमला धरून ठेवतो, हळूहळू सोडतो, म्हणून थर काचेवर बसतो. नाहीतर सगळं बीकरातच साकळतं. ती गप्प. मग बाटलीकडं बघत म्हणाली, "म्हणजे मॅडम, गाडीत कंडक्टरच नाही!"

हे मला पीएच.डी.च्या पाच वर्षांत सुचलं नव्हतं.

मंगळवारी शहरातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला तास घेतला, बिनमानधनाचा. बेचाळीस स्लाइड नेल्या, अकराव्या स्लाइडला घंटा. एकानं विचारलं, हे कॅडमियम सल्फाइड पिवळंच का दिसतं? बँड गॅप, म्हणजे प्रकाश शोषला जायला लागणारी कमीत कमी ऊर्जा, २.४२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, हे मी झोपेतही सांगेन. पण निळा-जांभळा प्रकाश आतच शोषला जातो, उरलेला आपल्याला पिवळा दिसतो, एवढं सरळ बोलायला तीन मिनिटं चाचपडले. आई म्हणते, नसता उपद्व्याप कशाला? तिचंही खोटं नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या छाननीत अनुभवाला वर्षाला २ गुण, जास्तीत जास्त १०. शिकवलेलं असो नाहीतर पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन, गुण तेवढेच. माझा पेपर तिकडं रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांसकट तीन आठवडे पडून आहे, तो भाग वेगळा.

नवी बाटली फोडली. सत्तर अंशावर तासभर. काच धुतली, वाळवली, तिनं चिकटपट्टी लावून खस्सकन ओढली. पट्टी कोरी.

"मॅडम, तुम्हाला सकाळीच ठाऊक होतं, व्हय?"

मी म्हटलं, हात धू आधी, चहाला जाऊ.