तुम्ही विचारलंत म्हणून: कसकस

"थर्मामीटरवर नव्याण्णव आलाय, ताप म्हणायचा का?" मला टीबी होऊन गेलाय हे ज्यांना माहीत आहे, ते हटकून विचारतात. मी डॉक्टर नाही, ठाण्याच्या एका शाळेत गणित शिकवते. पण दीड महिना बारीक ताप अंगावर काढलाय, तेवढ्यापुरतं सांगते.

सकाळी मी ठणठणीत असायचे. संध्याकाळी डोंबिवलीला उतरेपर्यंत डोळे चुरचुरायचे, अंगात कसकस. ९९.६, ९९.८, कधी १००. एका डॉक्टरांनी व्हायरल म्हणून अँटिबायोटिक दिलं, दुसरे म्हणाले, दगदग कमी करा. खोकला नव्हता, त्यामुळे टीबी कुणाच्याच मनात आला नाही, माझ्याही नाही. सासूबाई मात्र कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी माझा दोन्ही वेळचा ताप लिहीत होत्या. ती पानं तिसऱ्या डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं, वजन किती उतरलं ते विचारलं आणि मान चाचपली. डाव्या बाजूला गाठ होती, दुखत नव्हती म्हणून मला पत्ताच नव्हता. सुई घालून तपासली. गाठीचा टीबी. सरकारी केंद्रातून फुकट गोळ्या, सहा महिने. लघवी केशरी होईल हे आधी सांगितलेलं असूनही पहिल्या दिवशी मी किंचाळलेच.

आता तुमचा नव्याण्णव. ९८.६ ही काही दगडावरची रेघ नव्हे. वुंडरलिश नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८६८ साली ती सरासरी मांडली, ती चिकटली. संध्याकाळी अंग सकाळपेक्षा जवळजवळ एक अंश गरम असतंच. बायकांचं पाळीच्या आधीचे दोनेक आठवडे थोडं वरच राहतं. वर गरम चहा पिऊन लगेच थर्मामीटर तोंडात धरला, तर आकडा चहाचा येतो. साधारणपणे १००.४ पासून पुढे ताप धरतात.

मात्र तोच नव्याण्णव-शंभर रोज संध्याकाळी येऊन दोन आठवडे ठाण मांडून बसला, तर डॉक्टरांकडे जायचंच. रात्री घामाने उशी भिजत असेल, वजन उतरत असेल, तर आधीच. दरवेळी टीबीच निघतो असं नाही. लघवीचा संसर्ग, दाढेखालचा पू, वाढलेला थायरॉइड, संधिवात, क्वचित लसीकाग्रंथींचा (मानेत, काखेत असतात त्या गाठींचा) कर्करोग, कधी चालू असलेलं एखादं औषधसुद्धा. मोजायच्या आधी तापाची गोळी तेवढी घेऊ नका. ते गणितातला दिलेला आकडाच खोडण्यासारखं आहे.

काही बाबतींत दोन आठवडे काय, दोन तासही थांबू नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ आला, मान ताठ झाली, धाप लागली, माणूस असंबद्ध बोलू लागला, की निघायचं. आणि पावसाळ्यात डेंग्यूचा ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त हे सगळं बहुधा ताप उतरतानाच सुरू होतं.

परवा शेजारच्या काकू आल्या. आठवडाभर संध्याकाळी ९९.२ येतोय, झोप उडाली होती त्यांची. मी विचारलं, "सकाळी किती असतो?"

"सकाळी कोण मोजतंय गं?"