पाण्याखालचं गाव

वेल्समधल्या बाला गावाजवळच्या त्या पाण्याकाठी उतरलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. नकाशावर लिन केलिन नावाचा तलाव दिसतो, पण हे धरणाचं पाणी आहे. 1965 साली कापेल केलिन हे गाव याच्या पोटात गेलं. घरं, शाळा, पोस्ट, चॅपल, सगळं. पाणी हवं होतं लिव्हरपूलला. काठावर गावच्याच दगडांतून बांधलेलं छोटं स्मारक-चॅपल आहे, शेजारी जुन्या दफनभूमीतून हलवलेल्या थडग्यांच्या शिळा. एका शिळेवरचं शेवाळ बोटाने पुसलं. खालची वेल्श अक्षरं मला वाचता येईनात आणि का कोण जाणे, डोळे भरून आले.

माझी आजी कोयनेच्या धरणात गेलेल्या गावची. घराचा उंबरठा पाण्यात जाताना तिने पाहिला होता. ते सांगताना ती नेहमी उंबऱ्यापाशीच थांबायची.

त्याआधीचे पाच दिवस स्कॉटलंडमध्ये गेले. एडिनबराची गर्दी मला सोसली नाही. तिथे मुक्कामाच्या घरचा मालक मोठ्या आपुलकीने म्हणाला, "तुम्ही काय, आम्ही काय, दोघंही इंग्रजांचे गुलाम." मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पुण्यात रेसिडेंट म्हणून बसलेला एल्फिन्स्टन स्कॉटिश. 1818 मध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेणारा माल्कम स्कॉटिश. साताऱ्याचा कारभार हाकून वर मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफसुद्धा. 1707 चं इंग्लंडशी एकीकरण तिथल्या लोकांना नको होतं हे खरं, पण मंजूर केलं ते त्यांच्याच संसदेने. डोंगराळ भागातल्या गरिबांना मेंढ्यांसाठी घरांतून हुसकावलं, त्यांचं दुःख मोठंच आहे. मात्र हुसकावणारे बरेचसे जमीनदार त्यांच्यातलेच होते.

वेल्सचं मला वेगळं वाटतं. तेराव्या शतकात पहिल्या एडवर्डने ते लढून जिंकलं. 1536 च्या कायद्याने कोर्टकचेरीतून त्यांची भाषा हद्दपार केली. एकोणिसाव्या शतकात काही शाळांत वेल्श बोललेल्या पोराच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडाचा तुकडा अडकवत. आणि हे धरण तर परवाचं. 1956 मध्ये गावकरी पोराबाळांसकट लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून मोर्चाने गेले. पुढच्या वर्षी लंडनच्या संसदेत धरणाचं विधेयक आलं. वेल्सच्या 36 खासदारांपैकी एकानेही बाजूने मत दिलं नाही, तरी ते मंजूर झालं. सगळा मुलूख 'नको' म्हणतो आणि लंडनमध्ये त्याची कुणी दखल घेत नाही. याला वसाहत नाही तर काय म्हणायचं?

बालात आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजीबाई नातवाशी वेल्शमध्येच बोलायच्या. संध्याकाळी चहा ओतताना त्यांनी मला 'ट्रवेरिन' हे त्या खोऱ्याचं नाव तीनदा म्हणायला लावलं, नीट जमेपर्यंत. लिव्हरपूलने 2005 मध्ये माफी मागितली, तीही चाळीस वर्षांनी, असं म्हणताना त्यांचा आवाज चढला. मग मी आजीच्या गावाचं सांगितलं.

"तुमचं गाव कुणी बुडवलं? इंग्रजांनीच?"

"नाही. आमच्याच सरकारने. स्वातंत्र्यानंतर."

"मग माफी?"

मी नकारार्थी मान हलवली. कोयनेच्या कितीतरी धरणग्रस्तांचं पुनर्वसन अजून पुरतं झालेलं नाही, हे त्यांना इंग्रजीत सांगायला मला शब्द सुचेनात. त्यांनी माझा कप पुन्हा भरला आणि आजीच्या गावाचं नाव विचारलं.