पॅनल पालथी टाकली आणि कामच बदललं

जुन्या घरांतली भिंतीची लाकडी पॅनलिंग सोडवायची, दुरुस्त करायची आणि परत बसवायची हे माझं काम. त्यातलं हे एक काम मात्र डोक्यातून जात नाही.

एका जुन्या घराच्या मालकांनी पाडकामातून निघालेलं ओकचं पॅनलिंग विकत घेतलं होतं. विकणाऱ्याने सांगितलेलं, सतराव्या शतकातला माल आहे, एकाच खोलीतला अख्खा सेट. समोरून बघितलं तर खरंच एकसारखा वाटत होता, सगळीकडे तोच गडद तपकिरी रंग, वर पॉलिशचे जाड थर. मालक म्हणाले, "मशीन मारून सगळं एकदम गुळगुळीत करा आणि लावून टाका." मी म्हटलं साहेब, मशीन नंतर बघू, आधी सगळं पालथं टाकूया. समोरची बाजू कुणीही रंगवून जुनी करू शकतो हो, मागच्या बाजूवर तेवढी मेहनत सहसा कुणी घेत नाही.

मग हॉलमध्ये चादरी अंथरल्या आणि एकेक पॅनल उलटं ठेवत गेलो, टॉर्च आडवा धरून बघायला लागलो, आणि पाचसहा झाल्यावरच लक्षात आलं की इथे दोन वेगळे माल आहेत.

अर्ध्याहून जास्त पॅनलच्या फळ्या एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ. त्या काळी ओकचा ओंडका पाचर मारून गाभ्याच्या दिशेने फोडायचे, त्यामुळे फळी अशी निमुळती निघते, आणि तशा फोडीमुळेच समोर ते चकाकणारे आडवे पट्टे दिसतात. मागे रंध्याचे उथळ खळगे बोटाला लागत होते. चौकटीच्या जोडात गोंद अजिबात नाही, नुसत्या लाकडी खुंट्या, त्यांची भोकं मुद्दाम जराशी सरकवून पाडलेली, म्हणजे खुंटी ठोकली की जोड आपोआप आवळला जातो. आणि त्या खुंट्यांची टोकं मागे तशीच बाहेर आलेली, कापलेलीसुद्धा नाहीत, कारण भिंतीकडची बाजू कोण बघणार!

उरलेल्या पॅनलच्या मागे मात्र कमानीसारख्या वळणाच्या रेषा, एकसारख्या अंतरावर. ही गोल करवतीची खूण, आणि गोल करवतीच्या मिल सर्रास चालू झाल्या त्या १९व्या शतकात. खिळेही गोल तारेचे. जुन्या पॅनलमधले खिळे हाताने घडवलेले, चौकोनी, आणि त्यांच्याभोवती काळेनिळे डाग, ओकमधलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आलं की असं होतंच.

सगळ्यात भारी गोष्ट त्यानंतर दिसली. जुन्या चौकटींवर पटाशीने कोरलेले रोमन आकडे होते. पटाशीने सरळ रेघ मारणं सोपं म्हणून सुतार हेच आकडे वापरायचे, चारला चक्क चार उभ्या रेघा. मी मालकांना खाली बसवून त्या रेघांवरून बोट फिरवायला लावलं. आकड्यांप्रमाणे तुकडे मांडत गेलो तर भिंतीचा मूळ क्रमच जमिनीवर उभा राहिला, मधले दोन नंबर तेवढे गायब. मशीन मारायचा विषय तिथेच संपला.

एक पॅनल मधोमध उभं फाटलं होतं. पॅनलच्या कडा चौकटीच्या ज्या खाचेत बसतात, तिथे कुणीतरी आधीच्या दुरुस्तीत गोंद भरून ते घट्ट चिकटवलं होतं. लाकूड हवेप्रमाणे रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच, म्हणून पॅनल खाचेत सुटंच राहायला पाहिजे. दोन्ही कडा धरून ठेवल्या की ते मधेच फाटणार. असली दुरुस्ती बघितली की मला खरंच त्रास होतो, तीनशे वर्षं टिकलेली वस्तू एका गोंदाच्या बाटलीने जाते.

पुढचं काम सावकाश केलं. पॉलिश एका कोपऱ्यात स्पिरिट लावून तपासलं, विरघळलं, म्हणजे लाखेचं, मग हाताने नुसतं साफ केलं. कीड जिवंत आहे का बघितलं, लाकूड त्याच खोलीत ठेवून मॉइश्चर मीटरचं रीडिंग स्थिर होईपर्यंत थांबलो. जुना सेट नंबरप्रमाणे मोठ्या भिंतीवर घेतला, १९व्या शतकातला खिडकीच्या भिंतीवर. गायब नंबरांच्या जागी नवीन ओक लावलं, त्याला मुद्दाम जुनं दाखवलं नाही, मागे साल लिहून ठेवलं. भिंतीवर आधी पट्ट्या मारल्या म्हणजे मागे हवा खेळती राहील, आणि सगळं स्क्रूवर बसवलं, उद्या कुणाला काढायचं झालं तर मोडतोड न होता निघेल.