एदिर्नेच्या तुरुंगात पाठवलेली पत्रे

आणीबाणीत माझे वडील मिसा कायद्याखाली येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांची पत्रे घरी येत तेव्हा त्यांवर तुरुंगाचा शिक्का असे आणि मधल्या काही ओळींवर काळी शाई फासलेली असे. आई तो कागद खिडकीशी उजेडात धरून शाईखालची अक्षरे लावण्याचा प्रयत्न करी. म्हणूनच, तुर्कस्तानातील कुर्दी या अल्पसंख्य समाजाचे वकील आणि राजकीय नेते सेलाहत्तिन देमिर्ताश यांना कोठडीत ठेवण्यामागे राजकीय चर्चा दडपण्याचा छुपा हेतू आहे, असा निर्वाळा युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये दिला आणि तरीही तुर्कस्तानच्या सरकारने त्यांना सोडले नाही, हे वाचल्यावर त्यांना पत्र लिहावे असे माझ्या मनात आले.

वेदात आयदन या कुर्दी कार्यकर्त्याची १९९१ मध्ये हत्या झाली आणि त्यांच्या अंत्ययात्रेवर गोळीबार झाला. त्या दिवसाने आपल्या आयुष्याची दिशा ठरवली, असे देमिर्ताश यांनी सांगितले आहे. अंकारा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन ते आग्नेय तुर्कस्तानातल्या दियारबाकिरला वकिली करू लागले आणि पुढे मानवाधिकार संघटनेच्या तेथील शाखेचे अध्यक्ष झाले. ज्यांची माणसे बेपत्ता झाली किंवा ज्यांचे मारेकरी कधी सापडलेच नाहीत, अशा कुटुंबांचे प्रश्न या शाखेने वर्षानुवर्षे लावून धरले होते. २००७ मध्ये ते खासदार झाले. जून २०१५ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने ८० जागा मिळवल्या, पुढच्याच वर्षी घटनादुरुस्ती करून खासदारांना खटल्यांपासून असलेले संरक्षण काढून घेण्यात आले आणि ४ नोव्हेंबर २०१६ रोजी त्यांना अटक झाली. त्यांना ठेवले ते एदिर्नेला, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बल्गेरिया आणि ग्रीसच्या सीमेजवळ. पत्नीला भेटीसाठी दियारबाकिरहून दीड हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागे. घरापासून इतके लांब ठेवणे ही न्यायालयाने न सुनावलेली आणि सगळ्या कुटुंबाने भोगायची वेगळी शिक्षाच आहे, असे मला वाटते.

पत्ता मिळण्यास अडचण आली नाही. अडचण भाषेची होती. मला मराठीत लिहायचे होते. पण तुर्की तुरुंगांत येणारे-जाणारे प्रत्येक पत्र पत्रवाचन समितीच्या नजरेखालून जाते (कैद्याने बचावासाठी वकिलाला पाठवलेली पत्रे कायद्याने साधारणपणे वगळलेली आहेत) आणि समितीला न समजणारी भाषा असली की ते रखडते. कुर्दी कैद्यांना हे चांगले ठाऊक आहे. केवळ कुर्दीत लिहिलेली म्हणून कैद्यांची पत्रे अडवणे हा पत्रव्यवहाराच्या हक्काचा भंग आहे, असा निकाल त्याच युरोपीय न्यायालयाला २०११ मध्ये द्यावा लागला होता.

पुण्यात शिकणाऱ्या एका तुर्की विद्यार्थिनीने मदत करण्याचे कबूल केले. माझा मराठी मजकूर मी तिला इंग्रजीतून समजावून सांगितला आणि तिने तो तुर्कीत उतरवला. तुम्ही लवकर सुटाल, अशी माझी इच्छा मी लिहिली होती. ती ओळ तिने न बोलता खोडली. आंब्याला आलेला मोहोर, माझ्या वडिलांचा तुरुंगवास आणि त्यांची दुपारी झोपायची सवय एवढे तिने राहू दिले. शेवटी मी नवरोजच्या, म्हणजे मार्चमधल्या कुर्दी नववर्षाच्या सणाच्या, शुभेच्छा कुर्दीत लिहिणार होते. कुर्दी लिपीत या सणाच्या नावात डब्ल्यू हे अक्षर येते आणि तुर्की वर्णमालेत ते नाही. त्या एका अक्षरावरून पूर्वी लोकांवर खटले भरले गेले. २०१३ मध्ये त्या अक्षरावरची बंदी उठवण्याची घोषणा झाली, पण देमिर्ताश यांना झालेली चार वर्षे आठ महिन्यांची शिक्षाही त्याच वर्षीच्या नवरोज सभेतील भाषणाबद्दलचीच आहे. तिने सणाचे तुर्की रूप लिहिले आणि माझी समजूत घातली. मग तिने मला सगळा मजकूर माझ्या अक्षरात उतरवून घ्यायला लावला आणि स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद बारीक फाडून पिशवीत घातला. पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात बसूनही तिला ते करावेसे वाटले, हे मी विसरू शकलेले नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मी टपाल कार्यालयात जाऊन पत्र रजिस्टर केले. पोचपावती मे महिन्यात परत आली. तिच्यावर एक गोल शिक्का होता आणि न लागणारी सही होती. त्यावरून पत्र तुरुंगात पोचले एवढेच कळत होते. ते कैद्याच्या हाती पडले की नाही, हे कळत नव्हते.

त्या सप्टेंबरमध्ये अंकाराच्या न्यायालयाने मुख्य खटल्यात त्यांच्या सुटकेचा आदेश दिला आणि मी आनंदाने त्या मुलीला फोन केला. थोड्याच दिवसांत, २० सप्टेंबरला, सीरियातल्या कोबानी या कुर्दी शहराला इस्लामिक स्टेटने घातलेल्या वेढ्यावरून २०१४ मध्ये तुर्कस्तानात झालेल्या निदर्शनांवरून त्यांच्याविरुद्ध कोठडीचा नवा आदेश निघाला. डिसेंबर २०२० मध्ये युरोपीय न्यायालयाच्या मोठ्या खंडपीठाने तात्काळ सुटका करा, असे स्पष्ट सांगितले. तोही निकाल पाळला गेला नाही. मी दर वर्षी लिहीत राहिले. दुसऱ्या पत्रापासून मी नवरोज कुर्दी रूपातच, डब्ल्यूसह लिहू लागले. तसे करण्यापूर्वी मी त्या मुलीला विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग, तुमचे अक्षर आहे, तुम्ही लिहा, असे म्हणाली.

१६ मे २०२४ रोजी कोबानी खटल्यात त्यांना ४२ वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. त्यानंतरच्या पत्रात मी शिक्षेचा उल्लेख केला नाही. पुण्यात पाऊस सुरू झाल्याचे आणि वडिलांची येरवड्याहून आलेली पत्रे कपाटातून काढून मी पुन्हा वाचल्याचे लिहिले, आणि ती पोचपावतीही आधीच्या पावत्यांसोबत त्याच कपाटात ठेवली.