बसचा प्रत्यय

एसटी गच्च भरलेली. दारात लोंबकळणाऱ्यांकडे बघत कंडक्टर ओरडला, "बस! आता बस!" पायरी चढून आलेल्या म्हातारीनं तेवढंच ऐकलं. "बसते रे बाबा," म्हणाली, बोचकं दारातच टाकलं आणि त्यावर ऐसपैस बसली. कंडक्टरला पुढं काय बोलावं ते सुचेना. तिचं तरी काय चुकलं म्हणा!

कंडक्टरचा 'बस' फारशीतला, म्हणजे पुरे. म्हातारीचा संस्कृतातल्या 'उपविश्'वरून झिजत झिजत आपल्यापर्यंत आलेला. आणि हे सगळं घडत होतं ती बस इंग्रजी. तिघांचं एकमेकांशी काडीचंही नातं नाही. त्यातल्या मराठी 'बसणे'चा पसारा तर विचारू नका. घसा बसतो, धंदा बसतो, पाठीत रट्टा बसतो, गणपती बसतात आणि उशिरा येण्याच्या कारणावर साहेबांचा विश्वास मात्र काही केल्या बसत नाही.

पण मला मौज वाटते ती इंग्रजी बसची. मूळ शब्द 'ऑम्निबस'. लॅटिनमध्ये 'ऑम्निस' म्हणजे सर्व आणि 'ऑम्निबस' म्हणजे सर्वांना, सर्वांसाठी. 1820च्या दशकात फ्रान्समधल्या नांत शहरात घोड्यांच्या गाड्या निघाल्या. भाडं दिलं की कुणीही बसावं. त्यांना हे नाव पडलं. पुढं पॅरिसहून ही कल्पना लंडनला गेली. 4 जुलै 1829 रोजी जॉर्ज शिलिबियर याची तीन घोडे जुंपलेली गाडी पॅडिंग्टनहून बँक ऑफ इंग्लंडपर्यंत धावली. आता एवढं लांबलचक नाव रोज कोण घेणार? लोकांनी ते छाटलं, आणि छाटलं ते नेमकं नको तिथं. 'सर्व' हा अर्थ ज्यात होता ते 'ऑम्नि' गेलं, उरलं 'बस'. म्हणजे नुसता चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय! शाळेत आपण 'स, ला, ते. स, ला, ना, ते' घोकलं, त्यातलाच प्रकार. 'सर्वांना'मधलं 'सर्वां' खोडून टाकावं आणि स्टँडवर जाऊन विचारावं, "पाचची ना चुकली हो, आता पुढची ना किती वाजता?"

या प्रत्ययाचा एक भाऊबंद आपल्याकडे आहे. 'श्रीगुरुभ्यो नमः' म्हणताना 'भ्यो' येतं ना, तो मुळातला 'भ्यस्'. लॅटिनचा 'बस' आणि संस्कृतचा 'भ्यस्' एकाच प्राचीन घराण्यातले. 'ऑम्निबस' म्हणजे थेट 'सर्वेभ्यः'. हे कळल्यापासून डेपोत शिरताना माझे हात उगाचच जोडले जातात.

बरं, घरातून तुटलेल्या या प्रत्ययानं संसार मोठा थाटला. विजेच्या पॅनेलमध्ये सगळ्या वायरींना वीज वाटणारी धातूची जाड पट्टी असते, ती 'ऑम्निबस बार'. आमच्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये वायरमन "बसबार तापलाय" म्हणाला, तेव्हा मी मान डोलावली होती खरी, पण डोळ्यांसमोर बसमधली धरायची दांडी होती. तिथून तो संगणकात शिरला आणि आज मोबाइल चार्ज करताना आपण जे 'यूएसबी' म्हणतो, त्यातला शेवटचा 'बी' म्हणजे हाच बस. अमेरिकेतल्या हॉटेलांत उष्ट्या बश्या उचलणारा पोऱ्या 'बसबॉय', तोही याच गोतावळ्यातला. मात्र स्पेलिंग सांभाळावं. शेवटी आणखी एक 'एस' जोडला की इंग्रजीत त्याचा अर्थ चक्क मुका होतो!

मुंबईत पहिली बस 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली आणि आपली एसटी 1 जून 1948 रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला. गावाकडं मात्र बस म्हणतो कोण? तिथं 'यष्टी'. ती फलाटाला लागते आणि घाटात काहींना पोटातही लागते.

त्या दिवशी घाट उतरल्यावर, कुठलाही थांबा नसलेल्या एका वळणावर, म्हातारी बोचकं उचलून उभी राहिली. "बस, बस, हितंच!"

कंडक्टर तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं दोरी एकदा ओढली.